मुलीला रुमॅटिक हार्ट निघालंय, दर २१ दिवसांनी इंजेक्शन सांगितलंय, नाशिकमधे कुणाचा अनुभव?

पाथर्डी_फाटा · रविवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. मुलगी ११ वर्षांची, सहावीत आहे. जुलैत घसा दुखला, दोन दिवस ताप आला, आपोआप बरी झाली आणि आम्ही विसरूनही गेलो. तीनेक आठवड्यांनी उजवा गुडघा टम्म सुजला, हात लावू देईना. दोन दिवसांत तो उतरला तर डावा घोटा धरला, मग मनगट. आम्हाला वाटलं खो-खोत पडली असेल, तेल लावून शेकलं, जवळच्या दवाखान्यात दुखण्याची गोळी दिली आणि खरंच एका दिवसात सांधे मोकळे झाले, त्यामुळे पुढे कुणी काही विचारलंच नाही. गणपतीत आमच्या तिसऱ्या मजल्यावर चढताना मधेच पायरीवर बसली, म्हणाली आई छाती खूप धडधडतेय. मग लहान मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. त्यांचा चेहरा बघूनच माझे पाय गळाले. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली, मायट्रल वॉल्व्ह (हृदयातली एक झडप) गळतोय, मॉडरेट आहे म्हणाले. रुमॅटिक फीव्हर होऊन गेलाय.

आता दर २१ दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन, आणि वॉल्व्हवर परिणाम राहिला तर वयाच्या ४० पर्यंतसुद्धा चालू ठेवावं लागेल असं सांगितलंय. घराजवळचे दोन्ही डॉक्टर द्यायला तयार नाहीत, रिॲक्शन आली तर जबाबदारी कुणाची म्हणतात. सासूबाईंना वाटतं एवढी इंजेक्शनं पोरीच्या अंगात उष्णता करतील. मिस्टर म्हणतात आता तर पळतेय खेळतेय, मग कशाला. मला रात्री झोप नाही. हे खरंच इतकी वर्षं लागतं का? वॉल्व्ह परत नीट होतो का? आणि इंजेक्शन देतं कोण?

जेलरोडची_मीनल · रविवार, रात्री ११:५८

ताई, आधी पाणी प्या. मग माझं पूर्ण वाचा, कारण मी म्हणजे ते इंजेक्शन बंद केल्यावर काय होतं त्याचं उत्तर आहे.

मला ९व्या वर्षी हेच झालं होतं, अगदी हेच, गुडघा मग घोटा मग ताप. चार वर्षं बाबा सायकलवर बसवून न्यायचे इंजेक्शनला. १३ची झाले, अंगाने भरले, धाप नाही काही नाही, घरात सगळे म्हणाले झाली की बरी. इंजेक्शन फार दुखायचं, मीच रडून रडून बंद करायला लावलं. नंतरच्या वर्षांत घसा किती वेळा धरला ते आठवतही नाही, कोण मोजतं. २०११ला, २४ची असताना, ऑफिसचे दोन जिने चढले की दम लागायला लागला, रात्री आडवं पडलं की खोकला, दोन उशा घेऊन झोपायचे. इको केला तर वॉल्व्ह आकसलेला, वर कॅल्शियम साचलेलं आणि गळतही होता, फुग्याने उघडता येणार नाही म्हणाले. छाती उघडून धातूचा वॉल्व्ह बसवला.

आज माझी तब्येत चांगली आहे, नोकरी करते, देवाच्या दयेने मुलगाही आहे. पण रोज संध्याकाळी ॲसिट्रॉम, म्हणजे रक्त पातळ ठेवायची गोळी, महिना दीड महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ती तपासणी, दात काढायचा तरी आधी हार्टच्या डॉक्टरांना फोन. रात्री खोलीत शांतता असली की मला माझ्या वॉल्व्हचा टकटक आवाज ऐकू येतो. सवय झालीय, पण ऐकू येतो. तुमच्या मुलीला हे टाळायची संधी आहे, मला होती आणि आम्ही ती घालवली. बंद करू नका. कुणीही काहीही बोललं तरी.

अंबडचा_केमिस्ट · सोमवार, सकाळी ९:१०

इंजेक्शनचं नाव बेंझाथिन पेनिसिलीन, दुकानात पेनिड्युअर एलए १२ मागितलं की कळतं. खप कमी म्हणून प्रत्येक मेडिकलवाला ठेवत नाही, ऐनवेळी धावपळ होते. एक दुकान धरा आणि आठवडाभर आधी सांगून ठेवा. महाग अजिबात नाही.

सिस्टर_पेठ_तालुका · सोमवार, दुपारी ३:४५

मी नर्स आहे, पेठकडच्या आरोग्य केंद्रात बरीच वर्षं काढली, हे इंजेक्शन शेकड्याने दिलंय म्हणून लिहिते. ताई, सरकारी दवाखान्यात विचारा, सिव्हिलला विचारा, शालिमारजवळच्या संदर्भ सेवा रुग्णालयात हार्टचा विभागच आहे. हार्टच्या डॉक्टरांकडून डोस, तारीख आणि निदान लिहिलेली चिठ्ठी घ्या. ती हातात असली की देणाऱ्याची भीती निम्मी कमी होते.

औषध पावडर असतं, पाण्यात दुधासारखं होतं आणि लवकर खाली बसतं. जास्त वेळ सिरिंजमधे ठेवलं तर सुई चोंदते, मग परत टोचावं लागतं, पोर घाबरतं आणि पुढच्या वेळी येत नाही. म्हणून जाड सुई, आयत्या वेळी कालवायचं, कुल्ल्यात खोल आणि अगदी हळूहळू, दोन तीन मिनिटं लागली तरी चालेल. डॉक्टरांना विचारून थोडं भुलीचं औषध घातलं की दुखणं बरंच कमी होतं. बाटली हातात धरून अंगाच्या ऊबेला आणली तरी फरक पडतो. उपाशीपोटी आणायचं नाही. झाल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचं आणि रिॲक्शनचं औषध टेबलावर तयार पाहिजे. एवढं केलं तर भिण्यासारखं फार नाही, मोठी रिॲक्शन क्वचितच येते, आणि कुणाला आलीच तर ती सांभाळता यावी म्हणून तर दवाखान्यात द्यायचं.

एक युक्ती सांगते. २१ दिवस म्हणजे बरोबर तीन आठवडे, वार कधीच बदलत नाही. शनिवार धरा, अर्धी शाळा असते. आमच्याकडे पाड्यावरच्या बायांना तारीख लक्षात राहत नाही पण बाजाराचा वार राहतो, म्हणून मी सगळ्यांना बाजाराच्या दिवशीच लावून दिलं होतं. तेव्हापासून चुकणं खूप कमी झालं.

सातपूर_कॉलनी · सोमवार, संध्याकाळी ७:३०

वाचून घाबरलोय. माझा मुलगा ८ वर्षांचा, रात्री पाय दुखतात म्हणून रडतो, रक्त तपासलं तर एएसओ वाढलेला निघाला. लॅबवाल्याने सांगितलं रुमॅटिक आहे. आम्हाला पण इंजेक्शन सुरू करायला सांगितलंय एका ठिकाणी. काय करू?

गंगापूर_रोड_एमडी · सोमवार, रात्री १०:१५

सातपूरकर, थांबा. नुसत्या एएसओवरून हे निदान होत नाही. एएसओ वाढला म्हणजे एवढंच की मधल्या काळात स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूचा संसर्ग होऊन गेला, आणि शाळेत जाणाऱ्या किती तरी मुलांत तो वाढलेला सापडतो. रात्री पोटऱ्या दुखणं, सकाळी उठून पोरगं पळायला लागणं, सांध्याला सूज नाही, हे बहुतेक वेळा वाढीच्या वयातलं दुखणं असतं. निदान करायचे ठरलेले निकष आहेत, जोन्स निकष म्हणतात, १९४४ला पहिल्यांदा मांडले आणि २०१५ला सुधारले. त्यात आपल्यासारख्या जास्त धोक्याच्या भागांसाठी वेगळी मोजपट्टी आहे. एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवा, गरज वाटली तर ते इको करतील. विनाकारण दहा वर्षं टोचणं हाही अन्यायच आहे मुलावर.

आता धागाकर्त्या ताईंसाठी. जंतू घशात असतो, हृदयात नाही. शरीर त्याच्याशी लढायला जे तयार करतं तेच दोन तीन आठवड्यांनी आपल्याच सांध्यांवर आणि वॉल्व्हवर चालून जातं, कारण जंतूच्या आणि वॉल्व्हच्या काही प्रथिनांत साम्य असतं. सांधे पूर्ण बरे होतात, काही खूण राहत नाही, वॉल्व्हवर मात्र व्रण राहतो. आणि एकदा ज्याला हे झालं त्याला पुढच्या घसादुखीत परत व्हायची शक्यता खूप जास्त, प्रत्येक वेळी आधीच्या व्रणावर नवा व्रण. इंजेक्शन झालेली इजा भरून काढत नाही, पुढचा हल्ला होऊ देत नाही. पण पुढचे हल्ले थांबले की लहान वयातली गळती कित्येक मुलांत वर्षा दोन वर्षांत कमी होताना आम्ही बघतो, म्हणून तुमच्या मुलीबद्दल मला आशा वाटते. मॉडरेट आणि ११ वर्षं, ही हातातली केस आहे.

किती वर्षं हे नियमाने सांगायचं तर, हृदयाला काही झालं नसेल तर ५ वर्षं किंवा २१ वयापर्यंत, सूज येऊन पूर्ण गेली तर १० वर्षं किंवा २१, आणि वॉल्व्हचा दोष राहिलाच तर १० वर्षं किंवा ४० वय, यातलं जे उशिरा येईल ते.

ज्यांचा वॉल्व्ह फारच खराब आहे, हृदय दमलेलं आहे, अशांना इंजेक्शनच्या वेळी त्रास होऊ शकतो आणि तो ॲलर्जीचा नसून दमलेल्या हृदयाचा असतो, म्हणून अशा पेशंटला गोळ्या द्याव्यात का याचा विचार करावा असं अमेरिकेच्या हार्ट असोसिएशनने २०२२ला सांगितलंय. तो निर्णय कार्डिओलॉजिस्टचा. तुमच्या मुलीसारख्या मुलांसाठी इंजेक्शनच सगळ्यात भरवशाचं.

कसबे_सुकेणे_द्राक्ष · सोमवार, रात्री ११:०२

डॉक्टर, हा उष्ण कटिबंधातलाच रोग का? हवामानामुळे होतो?

गंगापूर_रोड_एमडी · मंगळवार, सकाळी ७:२०

हवामानाचा दोष फार थोडा. शंभर वर्षांपूर्वी लंडन न्यूयॉर्कच्या दवाखान्यांत या मुलांचे वेगळे वॉर्ड असायचे. एका खोलीत आठ दहा माणसं झोपायची ती कमी झाली, घरं मोकळी झाली, तसा तो तिकडे पेनिसिलीन यायच्या आधीपासूनच उतरायला लागला, मग १९५०च्या आसपास अमेरिकेच्या हवाई दलाच्या तळावर दाखवून दिलं की घसा धरल्यावर वेळेत पेनिसिलीन दिलं तर रुमॅटिक फीव्हर टळतो, आणि राहिलेला पण गेला. आज ऑस्ट्रेलिया श्रीमंत देश आहे, तरी तिथल्या उत्तर भागातल्या आदिवासी मुलांत हा रोग जगातल्या सर्वात जास्त प्रमाणांपैकी आहे. म्हणजे गर्दी आणि दवाखान्यापर्यंतचं अंतर. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात साडेपाच कोटी लोकांना हा आजार आहे आणि वर्षाला ३ लाख ६० हजारांच्या आसपास माणसं जातात, आणि बहुतेक तरुण.

कसबे_सुकेणे_द्राक्ष · मंगळवार, दुपारी १:१०

गर्दीचं बोललात ते लागलं. आमच्या बागेवर छाटणीला सुरगाणा पेठकडची माणसं येतात, ऑक्टोबरपासून. पत्र्याच्या एका खोलीत दोन दोन कुटुंबं राहतात, आमच्याकडे पण तेच होतं, मी काही वेगळा नाही. पोरं एकाच गोधडीत. एकाला खोकला झाला की आठ दिवसांत सगळ्यांना. आपण म्हणायचो हवा बदलली. गेल्या वर्षी एक बाई डिपिंग (द्राक्षाचे घड औषधात बुडवणं) करताना सारखी खाली बसायची, सहावा महिना चालू होता, मुकादम म्हणाला रक्त कमी असेल. नंतर कळलं तिच्या हार्टचा वॉल्व्ह आकसलेला होता, गरोदरपणातच फुग्याने उघडावा लागला. बाई आणि लेकरू दोन्ही वाचले. या सीझनला दोन खोल्या वाढवतोय.

गंगापूर_रोड_एमडी · मंगळवार, दुपारी २:३०

हे फार महत्त्वाचं. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण जवळजवळ दीडपट होतं. आकसलेल्या वॉल्व्हमधून ते पुढे जात नाही, फुप्फुसात तुंबतं. त्यामुळे कित्येक बायकांना आपला वॉल्व्ह खराब आहे हे पहिल्यांदा पाचव्या सहाव्या महिन्यात कळतं. प्रत्येक धाप रक्त कमी असल्याची नसते, हिमोग्लोबिन ठीक असून धाप असेल तर छाती ऐकायलाच हवी. फुग्याची पद्धत जपानमधले इनोउए यांची, १९८४ची, मांडीच्या शिरेतून जातात, छाती उघडावी लागत नाही.

आश्रमशाळा_मास्तर · मंगळवार, रात्री ९:४०

हरसूलकडे शिक्षक आहे. माझ्या मनावर एक ओझं आहे ते इथे लिहितो. चौथीतला एक मुलगा, अक्षर मोत्यासारखं. दिवाळीनंतर ते बिघडायला लागलं, पेन हातातून सुटायचं, ताटातलं सांडायचं, तोंड वेडंवाकडं करायचा. मी त्याला ओरडलो, एकदा बाकावर उभं केलं. घरच्यांनी भगताकडे नेलं, बाहेरचं लागलंय म्हणून. शाळा तपासणीच्या पथकातल्या डॉक्टर मॅडमने त्याला जीभ बाहेर काढून धरायला सांगितली, त्याला ती धरताच येईना. त्यांनी लगेच नाशिकला पाठवला. घसा धरून गेल्यावर काही महिन्यांनी मेंदूवर होणारा हाच परिणाम होता, कोरिया म्हणाले, आणि इकोत वॉल्व्ह पण थोडा गळत होता. हातांचं नाचणं काही महिन्यांत थांबलं. अक्षर परत आलं. मी त्याची माफी मागितली, वर्गासमोर.

तेव्हापासून वसतिगृहात कुणाचा घसा दुखला आणि ताप आला की मी वहीत लिहितो आणि त्याच दिवशी उपकेंद्रात पाठवतो. ती पथकं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची असतात, २०१३ला आपल्या पालघरमधूनच सुरू झाला तो, शाळेत वर्षातून एकदा येतात, अंगणवाडीत दोनदा. पालकांनी त्या दिवशी मुलांना घरी ठेवू नका.

सिस्टर_पेठ_तालुका · मंगळवार, रात्री १०:०५

मास्तर, तुमच्या वहीसारखी वही प्रत्येक आश्रमशाळेत पाहिजे. घसा धरल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलीन सुरू झालं तरी रुमॅटिक फीव्हर टाळता येतो असं आम्हाला शिकवलंय. नऊ दिवस म्हणजे पाड्यावरून पोचायला पुरेसा वेळ आहे, कुणी मनावर घेतलं तर.

कोचीहून_परतलो · बुधवार, सकाळी ११:२५

मी केरळात अकरा वर्षं होतो, तिकडचा वेगळा आजार सांगतो, याच कुळातला नाही पण उष्ण प्रदेशातलाच. एंडोमायोकार्डियल फायब्रोसिस. हृदयाच्या आतल्या अस्तरावर जाड पांढरा थर येतो, कप्पा आतून बुजत जातो, हृदय ताणलंच जात नाही. पोटात पाणी होतं, चेहरा सुजतो. युगांडात डेव्हिस यांनी १९४८ला वर्णन केला आणि मग केरळात गरीब घरांतल्या मुलांत, तरुणांत तो बराच सापडला. नक्की कारण अजून कुणाला ठामपणे सापडलेलं नाही, जंत, कुपोषण, जमिनीतली खनिजं, बरंच काही तपासलं गेलं. राहणीमान सुधारलं तसा तिकडे नव्या पेशंटांत तो खूप कमी झाला.

हे ज्यांनी शोधायला घेतलं त्यांच्यापैकी एक डॉ. वलियाथन, तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेचे. बाहेरून येणारा वॉल्व्ह गरिबाला परवडत नाही म्हणून त्यांनी भारतातच वॉल्व्ह बनवायला घेतला. आधीची डिझाइन्स एकामागोमाग एक फेल गेली, तरी सोडलं नाही, आणि ६ डिसेंबर १९९०ला पहिला चित्रा वॉल्व्ह माणसात बसवला. आतली तबकडी एका प्रकारच्या कडक प्लॅस्टिकची आहे. मीनलताई, तुमचा कोणता आहे?

जेलरोडची_मीनल · बुधवार, दुपारी १२:४०

माझा चित्राच आहे दादा. कार्डावर लिहिलंय. यामागे एवढं आहे हे मला माहीतच नव्हतं, आज वाचून डोळ्यात पाणी आलं.

त्र्यंबक_नाका · बुधवार, दुपारी ४:१५

मला वाटतं इतकी वर्षं ॲलोपथी टोचण्यापेक्षा अर्जुनसालीचा काढा सुरू करावा, हृदयाला अर्जुनासारखं काही नाही. सहा महिने इंजेक्शन थांबवून बघायला काय हरकत आहे?

जेलरोडची_मीनल · बुधवार, दुपारी ४:३२

दादा, तुमचा हेतू चांगला आहे पण हरकत आहे. माझ्या आईने हेच बघितलं, थांबवून. काढा घशातला जंतू मारत नाही. आणि ॲसिट्रॉमवाल्यांनी तर कुठलाही काढा, कुठलीही दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय घ्यायचीच नाही, आयएनआर कुठल्या कुठे जातो. मी मेथी पालक पण खाते, पण दर आठवड्याला साधारण तेवढंच, एकदम जुडीच्या जुडी नाही.

गंगापूर_रोड_एमडी · बुधवार, रात्री १०:५०

मीनलताईंना पूर्ण अनुमोदन. थांबवून बघण्याचा प्रयोग एका अर्थाने झालेला आहे. युगांडात शाळेत इको करून ज्या मुलांत अगदी सुरुवातीची, स्वतःला कळतही नाही अशी इजा सापडली, अशी ८१८ मुलं घेतली, निम्म्यांना दर चार आठवड्यांनी हेच पेनिसिलीन दिलं, निम्म्यांना नाही. दोन वर्षांनी इंजेक्शनवाल्यांत १ टक्क्याहून कमी मुलांचा आजार वाढला, बाकीच्यांत ८ टक्क्यांच्या वर. हे बरं वाटत असणाऱ्या मुलांचं आहे. पळणारी खेळणारी मुलं. ताई, तुमच्या मिस्टरांना हे वाचायला द्या.

पाथर्डी_फाटा · गुरुवार, सकाळी ६:३०

मिस्टरांनी रात्री सगळं वाचलं. काही बोलले नाहीत, मीनलताईंची पोस्ट दोनदा वाचली. अजून एक मनातलं विचारते, रागावू नका. सासूबाई म्हणतात लोकांना सांगू नका, पोरीचं पुढे लग्न आहे.

जेलरोडची_मीनल · गुरुवार, सकाळी ८:०५

सांगा. मी लग्नाआधी सांगितलं, दोन स्थळं गेली, तिसऱ्याने माझ्याबरोबर कार्डिओलॉजिस्टकडे येऊन सगळे प्रश्न विचारले. लपवून लग्न झालेल्या एका मैत्रिणीने सासरी कळू नये म्हणून ॲसिट्रॉम बंद केली, वॉल्व्हवर गुठळी झाली, ती आता नाही. मूल हवं असलं तरी आधी डॉक्टरांशी बोलून गोळ्या बदलाव्या लागतात, सुरुवातीच्या महिन्यांत ती गोळी बाळाला बाधू शकते, आणि मनाने बंद केली तर आईला. हे लपवून कसं करणार? आणि ताई, तुमच्या पोरीच्या छातीवर तर टाकासुद्धा नाहीये. नसूच दे.

सिस्टर_पेठ_तालुका · गुरुवार, दुपारी २:००

फुले जन आरोग्य योजनेत वॉल्व्हची ऑपरेशनं बसतात, कुणाला पुढे लागलंच तर आधी योजनेच्या काउंटरवर चौकशी करा, दागिने मोडायच्या आधी. देव करो आणि लागू नये.

पाथर्डी_फाटा · शनिवार, संध्याकाळी ६:४५

आज घेतलं. चिठ्ठी नेली होती, सिस्टरनी हळू दिलं, अर्धा तास बसवलं. मिस्टर स्वतः आले होते, तिचा हात धरून बसले. सासूबाईंनी येताना तिच्यासाठी शेवभाजी करून ठेवली होती. घरी आल्यावर पोरीने कॅलेंडर काढलं आणि दर तिसऱ्या शनिवारी गोल करत गेली, वर्षात १७ होतात म्हणाली. मग नवीन वर्षाचं कॅलेंडर मागितलं. ते अजून आलेलं नाही, म्हणून वहीच्या मागच्या पानावर तिने पुढचे शनिवार लिहिलेत.